तीन वाजताची वाफ

रात्री तीनला मी कढईवर वाकते
आणि कळत नाही,
वाफ दुधाची की माझी.
एक्कावन्नावं सरत आलंय.
मानेपासून कानापर्यंत कुणीतरी आतून काडी ओढतं,
विझवतं, पुन्हा ओढतं.
एइसाकू विचारतो, खिडकी उघडू का?
खिडकी उघडीच असते.
बाहेर समुद्र, जानेवारी, बोटींच्या टपांवर बर्फ.

या घरात एकसष्ट वर्षं सोयाबीन शिजतंय.
सासऱ्यांच्या हातांना त्याचा वास होता,
आंघोळीनंतरही.
मी लग्नात नाकाला रुमाल लावला होता,
आता मला तो येतच नाही.

गेल्या शरदात आरोग्य केंद्रावर एल्स्पेथ आली,
पर्थहून, झाकणाच्या बाटल्या घेऊन.
म्हणाली, तुमच्या दाण्यात आयसोफ्लाव्होन असतं,
बाईच्या संप्रेरकाच्या तोंडावळ्याचं.
कुलपात शिरतं, पण किल्ली पुरती फिरत नाही.
कुणाच्या आतड्यातले जंतू त्याचं इक्वॉल बनवतात,
कुणाच्या नाहीत.
तीन दिवस सोया खा, चौथ्या सकाळी बाटली भरा.
खा म्हणे! मला हसूच आवरेना.
इक्वॉल हे नाव घोडीवरून पडलं,
गाभण घोडीच्या मुतात आधी सापडलं म्हणून.
हे सांगताना ती लाजली.
मी कशाला लाजू.

मग रोज संध्याकाळी यायची, अर्धी वडी घ्यायची,
उलट्या खोक्यावर बसून आजोबांच्या मेंढ्यांबद्दल बोलायची.
मोठ्या युद्धाच्या सुमाराला तिकडे
गुडघाभर क्लोव्हर माजलं होतं.
मेंढ्या महिनोन्‌महिने तेच चरल्या,
दुसरं नव्हतंच काही.
आणि कोकरं येईनात.
आली ती अडली.
खच्ची केलेल्या नरांच्या सडांना दूध उतरलं.
आजोबांनी एडका बदलला, मग दुसरा बदलला,
मग विकणाऱ्याच्या दारात जाऊन शिव्या घातल्या.
गवतावर संशय घ्यायला फार वर्षं गेली.
इतकं हिरवं होतं ते, एल्स्पेथ म्हणाली.

मी विचारलं, मग आम्ही?
ती म्हणाली, मेंढीचं पोट वेगळं.
उंदराचंही वेगळं, उंदीर सगळेच इक्वॉल बनवतात,
उंदरावरून बाईचं सांगू नये.
बाईवरून बाईचं तरी? म्हटलं.
तिनं टोफूला बोट लावून पाहिलं, उत्तर दिलं नाही.

ओसाकाहून सून फोन करते.
नातवाला सोयाचं दूध देऊ का, मुलगा आहे ना तो?
आठवड्यानं पुन्हा फोन:
तुम्ही जास्त खा, आई, छातीच्या गाठीला चांगलं म्हणतात.
त्याच्या पुढच्या आठवड्यात: कमी खा.
मी सांगते, बाई गं,
मला ठाऊक आहे ते एवढंच
की निगारी घालताना बोलायचं नसतं
आणि पळी एकदाच फिरवायची.

पाकीट आलं ते सोमवारी.
एइसाकू : बनतं.
मी : बनत नाही.
एइसाकू, जो सॉसेजवर जगतो,
ज्यानं ते तीन दिवस नाक मुरडत काढले!
जन्मभर दाणा मी भिजवला, मी वाटला, मी गाळला,
आणि इथेच येऊन घोडं पेंड खातंय.
तो दिवसभर दुकानात ऐटीत फिरला,
दोन गिऱ्हाइकांना सांगूनही आला.
रात्री मात्र माझ्या मानेवर ओला पंचा ठेवून
तसाच बसून राहिला, गुपचूप.

एल्स्पेथचं पत्र सोबत होतं.
घाबरू नका, तुमच्यासारख्या पुष्कळ जणी आहेत.
कुणाची आग कमी होते, कुणाची नाही,
आम्ही अजून मोजतोय.
खाली मेंढीचं चित्र, बऱ्यापैकी वाईट.

आता पाच वाजलेत.
वड्या पाण्यात पडल्यात, पांढऱ्या, गप्प.
चोथ्याची बादली कुवाबाराबाईंच्या शेळ्यांकडे न्यायची आहे.
आज मी त्यात मूठ मूठ वाळकं गवत मिसळलं.
कशाला, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

थोरली शेळी बादलीत तोंड घालते,
नाकानं गवत बाजूला सारते
आणि चोथाच खाते.