दोन पॉइंट चार

रणधीरनं सेलमहून कॅमेरा पाठवला.
पांढरा, अंड्याएवढा, एकच डोळा.
खोक्यात दोन स्क्रू होते, वायर होती,
आणि आठ घड्यांचा इंग्रजी कागद.
फोनवर म्हणाला, आई, पाच मिनिटांचं काम आहे.
गलाईच्या दुकानात मूस लाल व्हायला
याहून जास्त वेळ लागतो त्याला,
तिथं तो गप्प बसून राहतो.

सोमवारी तांबडा दिवा नुसता लुकलुकला.
आतून एक बाई बोलली, हिंदीत, गोड गळ्यानं:
कनेक्शन नहीं हो पाया.
मी म्हटलं, बाई, परत एकदा बघ की.
तिनं बघितलं. परत तेच.

मंगळवारी शेजारची अक्षदा आली, दहावीची.
पासवर्ड विचारला. कॅलेंडरमागचा चिठोरा दिला.
पहिलं अक्षर थोरलं की बारकं
यावर चहा गार होईस्तोवर वाद.
थोरलं निघालं. बाईचं म्हणणं बदललं नाही.
मग फोनवर ते मुंग्यांच्या वारुळासारखं चित्र आलं,
ते कॅमेऱ्यापुढं धरायचं, वीतभर लांब,
हात न हलवता.
नवरीपुढं आरसा धरावा तशी मी उभी.
काकू, जरा श्वास रोखा, अक्षदा म्हणाली.
रोखला.
लाईट गेली.

बुधवारी मुलाण्यांचा इलाही, केबलवाला, शिडीसकट.
म्हणाला, लोखंडी कपाट आडवं येतंय.
चौघांनी सरकवलं. खाली सापडलं ते असं:
एक कंगवा, अर्धी पाटीवरची पेन्सिल,
मेलेली पाल, आणि माझं जोडवं,
ज्याच्यापायी मी एका मोलकरणीला घालवली होती.
ते मी मुठीत धरलं. कुणाला दाखवलं नाही.
इलाही म्हणाला, पाठीला भोक आहे,
त्यात टाचणी खुपसून दहा आकडे मोजायचे.
बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली.
एका टोचणीत तो मागचं सगळं विसरला.
दिवा परत तांबडा, नव्या बाळासारखा.

गुरुवारी आमच्याकडं बचत गटाची पाळी.
अकरा बायका, इलाही, अक्षदा, अक्षदाचा भाऊ,
पतसंस्थेतले दगडूतात्या सहज म्हणून.
ज्याला त्याला इलाज माहीत.
कुणी म्हणालं उंचावर लावा, कुणी म्हणालं परत द्या,
तात्या म्हणाले, कुत्रं पाळा.
अक्षदा कोपऱ्यात आठ घड्या उलगडून बसलेली.
एकदम ओरडली: काकू, तुमच्या घरात वायफाय दोन आहेत!
एक पाच, एक दोन पॉइंट चार.
पाचवालं पळतंय जोरात, पण भिंतीला थकतंय.
ह्याला फक्त दुसरंच ऐकू येतं.
मंजुळाबाई म्हणाली, म्हंजे घरात दोन जावा
आणि पोरगं एकीचंच ऐकतंय.

निळा दिवा लागला.
टाळ्या संपायच्या आत फोन वाजला.
आई, काय झालं? कोण गेलं?
दारात एवढ्या चपला कुणाच्या?
त्याच्यामागं भट्टीचा भाता थांबलेला,
इतकं शांत, की त्याचा श्वास ऐकू आला.
कुणी नाही रे गेलं, म्हटलं,
तुझा डोळा उघडायला आलेत सगळी.
बायकांनी पदर सारखे केले, कॅमेऱ्याकडं बघून हात हलवले.
तात्यांनी उगाच नमस्कार केला.
मग एकेक चप्पल पायात गेली.

शुक्रवारी कुणी आलं नाही.
येण्यासारखं काम उरलं नव्हतं.
कपाट नव्या जागी; जुन्या जागेवर
फरशी चौकोनी, पांढरी.

शनिवारी पहाटे चारला नळ आला.
अंगणात घागर लावली, तोच फोन.
त्याच्या मोबाईलवर आलं म्हणे, हालचाल दिसली.
आई, एवढ्या पहाटे? बरं वाटत नाही का?

रोजच उठते, म्हटलं.

तो काही बोलेना. मीही.
घागर भरून वाहत होती
आणि ते दोघांनाही दिसत होतं.