वीस थाऊ

वैशाखात कृष्णा घोट्याएवढी.
हरिपुरात, पंचायतीच्या पत्र्याच्या शेडात
नावेचं मशीन लाकडी घोड्यावर कसलं.
कुठल्या सालचं, सरपंचालाही माहीत नाही.

दस्तगीरमामा मिरजेहून आला, पिशवीत लुनाचं सामान.
"मॅग्नेटोला काय कळतंय,
खाली चाक हाय का पाणी?"

फ्लायव्हील उचललं, तर आत
मागल्या पुराचा गाळ, वाळून पापडी झालेला,
त्यात रुतलेला ज्वारीचा एक दाणा.
पॉइंट काळेठिक्कर.
काडेपेटीच्या पट्टीनं घासले.
फिलर गेज घरी राहिलेलं, म्हणून
पुतणीच्या लग्नाची पत्रिका मधे सरकवली:
"वीस थाऊ. ह्येच्यातच सगळं."

एवढ्याशा फटीपायी त्या रात्री
नाव मधोमध, आणि मी दोरी ओढतोय, ओढतोय.
मागं खुराड्यासकट बसलेली शेवंता
दमानं, म्हणत होती, दमानं ओढ,
कोंबड्या भितात.

प्लग हेडला टेकवला.
मामानं दार लोटलं, अंधार केला.
दोरी मारली.

निळी.
मुंगीच्या डोळ्याएवढी.

पुन्हा मारली. पुन्हा निळी.
मी तिसऱ्यांदा मारली, उगाच.

"कंडेन्सर पण म्हाताराय," मामा म्हणाला,
पत्रिका झटकून खिशात ठेवत.
"पाणी यायच्या आत एकदा बोलव."