रीडिंग

बत्तीस वर्षं ग्वाल्हेरात मी मीटर वाचले.
जीवाजीगंज, दौलतगंज, शिंदे की छावणी.
जिन्याखालच्या अंधारात टॉर्च मारायची
आणि काचेमागची चकती बघायची,
किती वेगाने फिरते, कुणासाठी फिरते.
लग्नघर कळायचं. आजारपण कळायचं.
एका घरी तीन महिने शून्य युनिट,
आणि दार उघडलं ते त्याच माणसाने,
जो परगावी गेलाय असं गल्ली म्हणत होती.

आता रात्री नऊला
मीच काचेसमोर बसतो.

पहिल्यांदा तो म्हणाला, "आज घराघरांत संताप आहे,"
तेव्हा मी खरोखर घरात बघितलं.
शरयू मटार सोलत होती.
दांडीवर लोकरी मोजे, नळाखाली अर्धी बादली.
संताप कुठे दिसला नाही.
म्हटलं, बिडवईंकडे असेल.
त्यांच्या भिंतीतूनही तोच आवाज येत होता,
अर्धा शब्द मागे.

पुढे कसं झालं ते नीट सांगता येत नाही.
रोज कुणी सांगत राहिलं, की माणूस शोधायला लागतो.
पौषात कधीतरी मला तो सापडला
माझ्याच बरगडीत, अगदी ताजा.
मी "मला वाटतं" म्हणायचं सोडलं.
"आपण हे खपवून घेणार नाही" म्हणू लागलो.
आपण म्हणजे कोण, शरयूने विचारलं.
मी हात वर केला,
"एक मिनिट, मला पूर्ण करू द्या."
बायकोला. द्या.

दाढी करताना आरशात
मोघे मीटरवाले दिसेनासे झाले.
दिसायचा प्रामाणिक करदाता,
ज्याच्या खिशावर सगळा गाडा चालतो.
पेन्शन किती, ते विचारू नका.

मग एका रात्री विषय आला फुकट्यांचा.
खालच्या पट्टीत आकडे धावत होते,
इतके कोटी, इतके टक्के, धान्य फुकट, वीज फुकट.
सकाळी चहाला मी शरयूला तेच ऐकवलं,
तसेच हातवारे, तोच थांबा, तीच भुवई.
मोरीत रामकली भांडी घासत होती.
मान वर न करता म्हणाली,
"बाबूजी, कटिया डालना तो आपने ही सिखाया था.
साढ़े छह के बाद. चेकिंगवाले तब तक चले जाते हैं."

सत्त्याण्णव साल. गोल पहाडियाचा चढ.
थकबाकीपायी तोडलेलं कनेक्शन, एक खोली,
तापाने फणफणलेलं पोर, बाहेर जूनची झळ.
पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा
तारेवर आकडा होता आणि आत पंखा फिरत होता.
मी वहीत लिहिलं : घर बंद.
अशी किती घरं माझ्या वहीत बंद होती,
आणि आतून पंख्यांचा आवाज यायचा,
तो आकडा कुठल्याच पट्टीत आला नाही.

मी गप्प.
"ब्रेकनंतर बोलू" असंही सुचेना.
रामकलीने कढई उपडी घातली,
पगारातले पाचशे आगाऊ मागितले,
शरयूने डब्यातून काढून दिले.
चहावर साय धरली होती.

रात्री नऊला टीव्ही लावला. खोटं कशाला बोलू.
तो म्हणाला, "आज घराघरांत..."
आणि माझा हात, जुन्या सवयीने,
टॉर्चसाठी खिसा चाचपू लागला.