रंगाच्या रकान्यात

डोकं: लांबीपेक्षा रुंदी किंचित कमी.
जबड्याला सात दात,
सातवा असून नसल्यासारखा.
डोळा म्हणजे चार भिंगं;
पाचोळ्याखालच्या अंधारात चार पुष्कळ झाली.

व्होलोलोना सांगते, मी लिहून घेतो.
भिंगावरून ती मान काढत नाही.
कंबर दोन गाठींची, पहिली उंच, दुसरी बसकी.
पाठीच्या उतारावर दोन आखूड काटे.
पोटावर केस उभे, विरळ.
"मोजलेस?"
"एकोणीस. एक गळला असेल."

मग रंग.
पिवळट तपकिरी, ती म्हणते, आणि अडते.
मध? मधही नाही.

दाराशी झाफिसोआ उभा, काखेत चाळणी.
पूर्वेच्या डोंगरात नऊ दिवस
ओला पाचोळा त्यानंच चाळला, जळवांसकट.
तो वाकतो, एक डोळा मिटतो,
म्हणतो: रानुव्हूला.
भात काढल्यावर पातेल्याच्या बुडाशी
खरवड उरते, तिच्यावर पाणी ओतून उकळायचं,
जेवण झालं की प्यायचं. ते.

व्होलोलोना हसते. खरंय, म्हणते.
आणि लिहायला लावते: पिवळट तपकिरी.

डाव्या मिशीचं टोक तुटलेलं, हे मी लिहितो.
माझ्या चिमट्यानं तुटलं, हे लिहीत नाही.
लांबी दोन मिलिमीटरही नाही.
टाचणीवर कागदाचा त्रिकोण, त्याच्या टोकाशी डिंक,
डिंकात ती,
पुढचा एक पाय उचललेला.

दुपारी आम्ही तिघं जेवलो.
झाफिसोआनं पेला खिडकीकडे धरला,
नुसता धरला,
माझ्याकडे बघत.