हातचा

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी नेलिदा यायची,
सरकारी पिशवी, पट्टा दोनदा शिवलेला.
पाव आधी तोलायची, मग भाव विचारायची.
बाई, विश्वास नाही का? मी म्हणायचो.
"विश्वासाचा रकाना नाही या तक्त्यात."

अकरा वर्षं.
रोसारिओच्या या कोपऱ्यावर पीठ कधी महागलं,
मी गुपचूप चाळीस ग्रॅम कधी मारले
(तिनं लिहून घेतलं, बोलली नाही),
ओफेलिया गेली तेव्हा बंद शटरसमोर उभं राहून
तिनं लिहिलं : माल उपलब्ध नाही.

समाजशास्त्र शिकलेय, म्हणाली एकदा.
त्यात काय असतं?
"आमचे इतुराल्दे सर वस्तीत पाठवायचे,
एका खाटेवर कितीजण झोपतात ते विचारायला."
लष्कर आलं, त्याच्या आदल्या रात्री
सरांनी न्हाणीघरात पेटवली सगळी उत्तरं.
तीन दिवस मोरीतून काळं पाणी जाईना.
बहुतेकांचं उत्तर होतं, पाच.
एवढ्याशाला?
ती काट्याकडे बघत राहिली.

आता राजधानीतून आलेत ते साहेब हसतमुख आहेत.
काही जाळत नाहीत.
दशांशचिन्ह तेवढं एक घर डावीकडे सरकवतात.
रेडिओ सांगतो, पाव स्वस्त आहे,
आणि गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं
जणू चोर मीच.

नेलिदाला जिन्याखालच्या खोलीत बसवलंय म्हणे,
टेबल आहे, काम नाही.
तिच्या जागी एक पोरगा येतो. तोलत नाही.
"किती लिहू?"
खरा सांगू की सरकारी?
हसला नाही. कानापर्यंत लाल झाला.
शिकलेला असणार.

काल संध्याकाळी ती रांगेत उभी, पिशवी नाही.
पाव घेतला, सवयीनं तळहातावर तोलला.
"चारशे दहा."
काट्यावर चारशे बारा.
चुकलीस, मी म्हटलं, आणि दोघंही हसलो,
तिचं हसू आधी संपलं.
मग कोटातून वही काढून पावाच्या जागी ठेवली.
"बेरजेत हातचा असतो ना,
उत्तरात दिसत नाही,
पण धरला नाही तर सगळंच चुकतं.
घरी नको ठेवायला."

पिठाच्या पिंपामागे आहे ती.
मंगळवारी मीच लिहितो : वजन, भाव, तारीख.
अक्षर वाईट आहे माझं.
पानं चिकटतात.