दुधात हात

सागरमाळावरच्या काचघरात शिरताना
हिंदुराव मामा बिडी बाहेर विझवून येतात,
तरी मी त्यांना पानाला बोट लावू देत नाही.
बिडीतल्या चुऱ्यातही तो टिकून असतो,
माणसाच्या बोटांवरून चालत जातो
या रोपावरून त्या रोपावर.

म्हणून दाराशी दुधाचं पातेलं.
साय काढलेलं दूध. मनगटापर्यंत हात बुडवायचे,
मगच पुढचं रोप.
मामांचं तरुणपण गंगावेशीत गेलं,
तालमीतून घामेजून यायचं आणि थेट
म्हशीच्या कासेखाली पेला धरायचा.
"दुधानं हात धुतायसा," ते म्हणतात,
"आन् आमचा च्या कोरा."

मंगळवारी बाविसावं रोप.
पान उलटं केलं. बिनसुईची सिरिंज
त्याच्या पाठीला टेकवली, पलीकडून बोटाचा आधार,
आणि हळूच दाब.
ओल उतरल्यासारखा काळपट डाग
शिरेपर्यंत गेला, शिरेपाशी थांबला.
त्यात विषाणू. विषाणूच्या पोटात आम्ही शिवलेलं
जेलीफिशचं एक वाक्य.
या पानाने कधी समुद्र पाहिला नाही.
मीही एकदाच, गणपतीपुळ्याला.

आई निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायची.
मलाही तंबाखूवरच नोकरी लागली म्हटल्यावर
एवढंच म्हणाली होती, "तुलाबी?"
औषध निघेल यातून, मी म्हटलं, लस वगैरे.
"कुणाच्या खोकल्यावर?"
अजून तरी नुसता उजेड निघतो, आई.

रविवारी दिवे मालवले, जांभळा दिवा लावला.
निरोगी पानं लाल,
चुलवाणातल्या निखाऱ्यांसारखी.
आणि बाविसाव्यावर, जिथं बोट टेकलं होतं तिथं,
हिरवं. अंगठ्याएवढं.
मामांनी उगीचच टोपी काढली.
"केवडा पडला की भेंडी उपटून टाकायचो आम्ही.
ह्यो कसला रोग?"

सर सांगतात, फार भरवसा ठेवू नका.
पाच-सहा रोपं हिंडला की विषाणू
आपण दिलेलं वाक्य गाळून टाकतो,
ओझं उतरवून हलका होतो,
पुन्हा पहिल्यासारखा, नुसता रोग.
बियांतही काही उतरत नाही.

वहीत लिहिलं: बावीस, चौथं पान, हिरवा, ठळक.
हात दुधात घातले. गार होतं.
मामा पातेलं जरा तिरकं धरून उभे,
आणि मी नखं चोळत राहिले,
आईच्या नखांतला तो पिवळा
कशानेच जात नसे.