मशीन हळू करून मिळेल

बस्त्याव काकांनी काउंटरवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला.
आत सात फ्लॉप्या, उकड्या तांदळात पुरलेल्या.
"वारो लागाक नको म्हणान."
वेंगुर्ल्याचा वारा मला ठाऊक आहे.
माझ्या शटरचं कुलूप तो वर्षाला एक खातो,
कॅबिनेटचे स्क्रू दोन वर्षांत.

पाणबुडीचा खेळ. त्र्याण्णव साली सिंगापूर बंदरात घेतलेला.
काका तेव्हा मालवाहू जहाजावर मोटरमन,
इंजिन रूममधली पाळी संपली की
सेकंड ऑफिसरच्या कॉम्प्युटरवर खेळायचे,
तासाला एक सिगारेट भाडं.
पाण्याच्या रेषेखाली बारा तास काढून
वर येऊन पुन्हा पाण्याखाली जाणारा माणूस.
का, ते मी विचारलं नाही.
मी दुरुस्ती करते.

ड्राइव्ह मिळाली कुडाळच्या भंगारात.
पाच फ्लॉप्या निमूट वाचल्या गेल्या,
सहावी खवणीवर नारळ धरावा तशी ओरडली.
शटर सरकवून पाहिलं: तांदळाची एक कणी.
चिमट्याने काढली, स्पिरिटचा बोळा फिरवला,
आणि मशीनने ती गिळली.

मग विंडोज.
हा प्रोग्राम आपल्या संगणकावर चालू शकत नाही,
असं त्याने कळवलं,
तलाठी कार्यालयात साहेब जेवायला गेलेत म्हणतात तशा आवाजात.

तेव्हा खोटं बोलावं लागतं.
नव्या मशीनच्या पोटात जुनं मशीन उभं करायचं
आणि खेळाला सांगायचं: बाबा, त्र्याण्णवच चालू आहे.
चार एमबी मेमरी आहे, पुष्कळ झाली.
साउंड कार्ड पोर्ट दोनशे वीसवर, इंटरप्ट पाच.
असं कार्ड या दुकानात कधी आलंच नाही.
तरी आवाज आला.

खेळाने विचारलं,
पुस्तिकेतलं पान एकतीस, ओळ चौथी, शब्द दुसरा?
पुस्तिका वाळवीने कधीच संपवलेली.
"बॅलास्ट," काका म्हणाले,
जसं कुणी त्यांना आईचं नाव विचारलं होतं.

आणि पाणबुडी सुटली ती अशी
की बटणाला बोट लागेपर्यंत तळाला.
दिवस मावळला, उगवला, मावळला,
चार बोटी बुडाल्या, आमचीच पाचवी.
जुन्या खेळांना स्वतःचं घड्याळ नसतं,
मशीनच्या नाडीवरच ते वेळ मोजतात,
आणि आजच्या नाडीला कायम ताप.

"ह्यां इंजिन नाय गो," काका म्हणाले,
"ह्यां शिवणाचा मशीन."

मी गती उतरवायला लागले.
साठ हजार. वीस. बारा.
काकांनी डोळे मिटले, स्पीकरला कान लावला,
एक हात काउंटरवर पालथा, पंजा पसरून.
"आणखी खाली."
आठ. पाच.
"सावकाश, सावकाश... थोडां वर घे."
तीन हजारावर मी हात काढला होता.
"नाय. अजून इल्लां."
दोन हजार नऊशे चाळीस.

हात काउंटरवरून उचलला गेला नाही.
बाहेर दाभोली नाक्यावर एसटी वळत होती,
एक मुलगा मोबाइल पुढे करून उभा,
ताई, हँग होतोय, फास्ट करून द्या ना.
त्याला म्हटलं, बस जरा.

काकांनी पाणबुडी चाळीस मीटरवर नेली
आणि तिथेच ठेवली.
वरून शत्रूचा ताफा गेला. जाऊ दिला.
टॉर्पेडो आठच्या आठ शिल्लक.
ते इंजिन ऐकत होते,
मध्येच मान हलवायचे,
बेअरिंग जरा वाजतंय, असं काहीतरी
त्या नसलेल्या इंजिनाला म्हणाले.

चहा निवला. मुलगा उद्या येतो म्हणून गेला.

बिलाच्या वहीत कामाच्या रकान्यासमोर
पेन बराच वेळ अडलं.
मग लिहिलं:
मशीन हळू केलं. दीडशे रुपये.
तांदूळ परत दिले.